पहिलं सिझर झालंय, दुसऱ्या वेळी नॉर्मल होऊ शकतं का? नेमकं कशाकशावर अवलंबून असतं?

सोलापूरची_लेक

नमस्कार सगळ्यांना. इथं बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली. मला ३२ वा आठवडा चालू आहे, दुसरी खेप. पहिली मुलगी साडेतीन वर्षांची, सिझरने झाली. माझं वय ३०, उंची पाच फूट एक इंच, दिवस राहिले तेव्हा वजन ६४ होतं, आता ७३. शुगर, बीपी, थायरॉईड सगळे रिपोर्ट चांगले आहेत.

पहिल्या वेळी काय झालं ते सांगते. ४० आठवडे भरले तरी कळा नव्हत्या, सोनोग्राफीत पाणी कमी दिसलं म्हणून ॲडमिट केलं, आधी जेल लावलं मग सलाईनमधून कळांचं औषध, सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत तेच चालू, आणि तपासलं की दर वेळी एकच उत्तर, तीन सेंटीमीटर. रात्री ठोके कमी होतायत म्हणाले आणि पंधरा मिनिटांत ओटीत नेलं. मुलगी सुखरूप, दोन किलो आठशे. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण तिला जवळ घ्यायला मला दुसरी सकाळ उजाडली, आणि नंतर दोन अडीच महिने कूस बदलताना पण टाके ओढायचे. यावेळी घरात एक लहान मुलगी आहे जी "आई उचलून घे" म्हणणार, म्हणून जास्त विचार येतो.

आता इथं बार्शीत दाखवतेय त्या मॅडम म्हणाल्या पहिलं सिझर आहे ना मग दुसरंही सिझरच, ३८ व्या आठवड्यात तारीख घेऊ. मी नॉर्मलचं विचारलं तर "पिशवी फाटते" एवढंच म्हणाल्या आणि पुढचा पेशंट आत आला. दवाखाना बदलायचा विषय घरात काढणं अवघड आहे कारण पहिलं बाळंतपण माहेरी सोलापूरला झालं, आता दुसरं सासरी करायची आमच्याकडे पद्धत आहे. नवरा म्हणतो तू ठरव, मी तुझ्यासोबत आहे. पण ठरवायला आधी नीट माहिती तर पाहिजे. कुणाचं सिझरनंतर नॉर्मल झालंय का? माझं होईल की नाही हे कशावरून कळतं?

रानजाई

अगं हो, माझं झालंय. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, त्यामुळे इकडची पद्धत थोडी वेगळी आहे पण शरीर तर तेच ना.

माझा पहिला मुलगा पायाळू होता, शेवटपर्यंत फिरलाच नाही म्हणून ठरवून सिझर. दुसऱ्या वेळी पहिल्याच व्हिजिटला मिडवाईफने स्वतःहून विचारलं की नॉर्मल ट्राय करायचं की परत सिझर, दोन्हीची माहितीपत्रकं हातात दिली. त्यात अगदी साध्या भाषेत लिहिलेलं की एका सिझरनंतर प्रयत्न करणाऱ्या चारपैकी तिघींचं नॉर्मल होतं आणि पिशवीचा टाका उकलण्याचा धोका साधारण दोनशेत एक. मी ते पत्रक फ्रिजवर लावून ठेवलं होतं. आई इथं आलेली तेव्हा तिला रोज वाचून दाखवायचे कारण तिलाच माझ्यापेक्षा जास्त भीती वाटत होती.

मला माझ्या डॉक्टरने सांगितलं की तुझी बाजू चांगली आहे कारण पहिलं सिझर ज्या कारणाने झालं ते कारण यावेळी नाहीच, बाळ डोक्याकडून खाली आहे. ३९ आठवडे आणि चार दिवसांना आपोआप कळा आल्या, पोटाला दोन पट्टे लावून ठोक्यांचं मशीन सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू ठेवलं, हातात सलाईनची सुई घालून ठेवली, लागलंच तर म्हणून. पाठीतलं इंजेक्शन पण घेतलं मी, एपिड्यूरल, सिझर झालेल्यांना ते चालत नाही असं मला भारतातून तीन जणींनी फोनवर सांगितलं होतं पण तसं काही नाही. अकरा तास लागले. मुलगी झाली आणि पाच मिनिटांत छातीवर होती. तू जे दुसऱ्या सकाळचं लिहिलंस ना ते वाचून मला भरून आलं.

तुझं पहिलं सिझर का झालं हे मात्र नीट शोधून काढ, सगळं तिथूनच सुरू होतं.

डॉ_नीलमोहर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी बरीच वर्षं प्रॅक्टिस केली, आता शहरात आहे. सविस्तर लिहितो, पण हे तुमच्या डॉक्टरांच्या तपासणीऐवजी धरू नका.

"एकदा सिझर म्हणजे कायम सिझर" हे वाक्य एडविन क्रेगिन या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९१६ साली लिहिलं. तेव्हा पिशवीवर उभा छेद घ्यायचे, वरच्या जाड भागात, आणि तो छेद पुढच्या कळांमध्ये खरंच फाटायचा. नंतर खालच्या पातळ भागात आडवा छेद घ्यायची पद्धत आली आणि गणित बदललं, पण वाक्य तसंच राहिलं. आज उभ्या छेदाला पिशवी फाटण्याचा धोका ४ ते ९ टक्के धरतात आणि खालच्या आडव्या छेदाला अर्धा टक्का ते एक टक्क्याच्या आत. म्हणून पहिला प्रश्न, पिशवीवरचा छेद कसा होता. पोटावरचा टाका आडवा दिसतो म्हणजे आतलाही आडवाच असतो असं नाही हं, हे कळतं फक्त जुन्या डिस्चार्ज कार्डावरून किंवा ऑपरेशन नोट्सवरून. ते कागद काढा. अर्ध्या पेशंटकडे ते नसतात आणि मग डॉक्टरही हात आखडता घेतो, त्याचंही चुकत नाही.

दुसरं म्हणजे पहिल्या सिझरचं कारण. पायाळू बाळ, वार (प्लासेंटा) खाली पिशवीच्या तोंडाशी असणं, ठोके कमी होणं ही कारणं दर खेपेला येतातच असं नाही, त्यामुळे यश जास्त. कळा भरपूर येऊनही बाळ पुढे सरकलंच नाही म्हणून सिझर झालं असेल तर यशाचं प्रमाण कमी होतं, तरी शून्य नाही होत. आणि आधी एकदा जरी नॉर्मल डिलिव्हरी झालेली असेल, सिझरच्या आधी किंवा नंतर, तर ८५ ते ९० टक्के बायकांचं परत नॉर्मल होतं, यापेक्षा मोठी जमेची बाजू दुसरी नाही. तुमच्या बाबतीत ती नाही.

आता तुमच्या तीन सेंटीमीटरबद्दल, कारण तुम्हाला तीच गोष्ट खात असणार. पिशवीचं तोंड तयार नसताना औषधाने कळा आणल्या होत्या, आणि तीन सेंटीमीटर म्हणजे कळांचा खरा जोर सुरू व्हायच्या आधीची पायरी. डब्ल्यूएचओने २०१८ मध्ये सांगितलंय की प्रसूतीचा सक्रिय टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरा. म्हणजे तुमची कंबर लहान होती, बाळ अडकलं, असं त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तुमच्या हाडांची परीक्षा झालेलीच नाही अजून.

यावेळी सगळ्यात जास्त फरक कशाने पडेल तर कळा आपोआप येण्याने. सिझर झालेल्या बाईला औषधाने कळा आणल्या किंवा वाढवल्या तर पिशवी फाटण्याचा धोका दोन ते तीन पट होतो आणि परत सिझर होण्याची शक्यता दीडपट. मिसोप्रोस्टॉल ही कळा आणायची गोळी तर अजिबात नको. कळा आणायचीच वेळ आली तर काही ठिकाणी पिशवीच्या तोंडात फोलीचा फुगा (नळीच्या टोकाचा छोटा फुगा) टाकतात, औषधापेक्षा तो बरा. बाकी बाळ चार किलोच्या वर, दिवस राहताना बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० च्या वर, ४० आठवडे उलटून जाणं, आईचं वय जास्त असणं, शुगर, या सगळ्यांनी यश थोडं थोडं खाली येतं. आधी एकही नॉर्मल नाही, पहिलं सिझर बाळ न सरकल्यामुळे, बीएमआय ३० च्या वर आणि कळा औषधाने आणलेल्या, हे चारही एकत्र आले तर फक्त ४० टक्क्यांपर्यंत उतरतं. तुमचा बीएमआय दिवस राहताना २६-२७ होता, ठीक आहे. दोन बाळंतपणांतलं अंतर १८-१९ महिन्यांपेक्षा कमी असेल तर टाक्याचा धोका वाढतो, तुमचं साडेतीन वर्षांच्या वर आहे, तेही उत्तम.

आणखी एक, सोनोग्राफीत "टाका पातळ आहे, अमुक मिलिमीटर" असं कुणी सांगितलं तर घाबरून जाऊ नका. फार पातळ असेल तर विचार करायला हवा हे खरं, पण किती मिलिमीटरच्या खाली नाहीच म्हणायचं असा जगात सर्वमान्य आकडा नाही. नुसत्या त्या एका आकड्यावर निर्णय होऊ नये.

तुमच्या मॅडमबद्दल एक सांगतो. तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ बहुतेक वेळा बाहेरून बोलवावा लागतो, रात्री दोन वाजता तो दुसऱ्या गावात दुसऱ्या ओटीत असतो, रक्तपेढी लांब. पिशवी फाटली तर हातात मिनिटं असतात, तास नाही. मीही त्या काळात नाहीच म्हणायचो, आणि कारण सांगायला वेळ नसायचा याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून दवाखाना असा हवा की जिथं भूलतज्ज्ञ २४ तास आत असतो, रक्त मिळतं, बाळांचा डॉक्टर असतो आणि ठोक्यांचं मशीन सतत लावतात. सोलापूरला मेडिकल कॉलेज आहे आणि मोठी खाजगी हॉस्पिटल्सही आहेत.

सोलापूरची_लेक

डॉक्टर, तुमचा रिप्लाय दोनदा वाचला, एकदा मी आणि एकदा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. खूप खूप आभार. रानजाईताई तुझे पण.

कपाट उपसलं. मुलीच्या लसीकरणाच्या फाईलमध्येच मागे डिस्चार्ज कार्ड घडी घालून ठेवलेलं सापडलं. त्यावर "इमर्जन्सी एलएससीएस" लिहिलंय, कारण "फीटल डिस्ट्रेस विथ फेल्ड इंडक्शन", आणि खाली बारीक अक्षरात काहीतरी "नो एक्स्टेन्शन" आणि "टू लेयर्स" असं आहे. रक्त दिलं नाही, ताप नाही, पाचव्या दिवशी घरी. याचा अर्थ काय?

आणि एक विचारायचं राहिलं, यावेळी पण ४० आठवडे उलटले आणि कळा आल्याच नाहीत तर?

डॉ_नीलमोहर

चांगलं कार्ड आहे. एलएससीएस म्हणजे खालच्या भागातला छेद, आणि तो जवळजवळ नेहमी आडवाच असतो. नो एक्स्टेन्शन म्हणजे बाळ काढताना छेद बाजूला फाटत गेला नाही, टू लेयर्स म्हणजे पिशवी दोन थरांत शिवली. फीटल डिस्ट्रेस म्हणजे बाळाचे ठोके बिघडणं, आणि फेल्ड इंडक्शन म्हणजे मी वर लिहिलं तेच, औषधाला पिशवीच्या तोंडाने साथ दिली नाही, बाळ अडलं असं त्यात कुठंच नाही. याचा फोटो काढून नवऱ्याच्या फोनमध्येही ठेवा.

४० उलटले तर काय, हे आत्ताच ठरवून फाईलवर लिहून घ्या. बाळ, पाणी आणि ठोके चांगले असतील तर ४१ पर्यंत थांबणारे डॉक्टर आहेत. तोपर्यंत तोंड मऊ झालं असेल तर फुगा, नसेल तर सरळ ठरवून सिझर. कळा नसताना जबरदस्ती ओढण्यापेक्षा ठरवून केलेलं सिझर बरं. आणि सिझरच करायचं ठरलं, बाकी काही अडचण नसेल, तर ३९ आठवडे भरल्यावर करा, ३८ ची घाई नको, आधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो.

तिसरं मूल हवंय का याचाही विचार करा. दर सिझरगणिक पुढच्या खेपेला वार टाक्यावर चिकटून आत रुजायची भीती वाढते. वार खाली असेल तर दुसऱ्या सिझरच्या वेळी असं होण्याचं प्रमाण ११ टक्के आहे, तिसऱ्या वेळी ४०. अशा केसमध्ये कधी कधी पिशवी काढावी लागते. देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खाजगी दवाखान्यांतल्या ४७.४ टक्के डिलिव्हऱ्या सिझरने झालेल्या आढळल्या, सरकारी ठिकाणी १४.३. म्हणजे तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणाऱ्या मुली आता घरोघरी आहेत आणि त्यांच्याशी बसून बोलायलाच हवं.

मृदगंध

मी दुसरी बाजू सांगते कारण ती पण कळायला हवी. ठाण्याला असते. माझं पहिलं सिझर सात सेंटीमीटरवर अडकून झालेलं, बाळ तीन किलो सातशे. दुसऱ्या वेळी डॉक्टरनी स्पष्ट सांगितलेलं की तुझं कारण तसं अवघड आहे, बाळही मोठं दिसतंय, पण तुला प्रयत्न करायचा असेल तर मी उभी आहे. मी हो म्हटलं. कळा आपोआप आल्या ४० आठवडे आणि पाच दिवसांना, आठ सेंटीमीटरपर्यंत छान गेलं, मग पाच तास तिथंच. डॉक्टर आल्या, बसल्या, म्हणाल्या आता थांबण्यात अर्थ नाही. सिझर झालं, मुलगा तीन किलो नऊशे.

त्यानंतर मला टाक्यात पू झाला, ताप आला, दहा दिवस ड्रेसिंगला जात होते. प्रयत्न करून मग सिझर होतं तेव्हा इन्फेक्शन आणि रक्तस्राव ठरवून केलेल्या सिझरपेक्षा जास्त असतो, हे मला आधी सांगितलेलं होतं पण मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं कारण माझं होणारच असं मी धरून चालले होते. तसं करू नकोस. परत तीच वेळ आली तर मी प्रयत्न करेन का, हो करेन, त्या कळांचे तास मला हवे होते आणि डॉक्टर माझ्याशी खरं बोलल्या. पण घरी आल्यावर पहिल्या बाळाकडे बघायला माणूस लागेल हे दोन्ही शक्यता धरून आत्ताच ठरव, माझी सगळी ओढाताण त्यातच झाली.

लेबररूम_सिस्टर

बाळा, मी १७ वर्षं लेबर रूममध्ये आहे. डॉक्टरांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त तुझ्या हातात काय आहे ते सांगते.

कळ येते तेव्हा पोट दगडासारखं होतं आणि कळ गेली की मऊ पडतं, दुखणंही ओसरतं. आम्ही हात ठेवून तेच बघत असतो. सिझर झालेल्या बाईने एक ध्यानात ठेवायचं, कळ गेली तरी खाली टाक्याच्या जागी दुखत राहिलं, किंवा चर्रकन काही झाल्यासारखं वाटलं, अंगावर ताजं रक्त गेलं, लघवी लालसर झाली, किंवा चांगल्या चाललेल्या कळा एकदम थांबल्या, तर लगेच ओरडून सांगायचं. लाजायचं नाही, "सगळ्यांनाच दुखतं" असं कुणी म्हटलं तरी परत सांगायचं. बहुतेक वेळा पहिली खूण बाळाच्या ठोक्यांत दिसते, म्हणून मशीन काढायला सांगू नको, पट्टे टोचले तरी.

आणि घरी कळा मोजत बसायचं नाही. पहिल्या बाळंतपणाला सांगतो तसं "दर पाच मिनिटांनी कळ आली की या" हे तुझ्यासाठी नाही, कळा सुरू झाल्या की निघायचं. बार्शीहून सोलापूर सत्तरेक किलोमीटर, रात्री ट्रकची गर्दी, त्यात रस्त्यात काही झालं तर काय करणार? ३७ वा लागला की सोलापुरात राहायला जा. हिमोग्लोबिन बघून घे, ११ च्या वर पाहिजे, लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नको. चालत राहा, कळांत पण फिरवतात आता, विचारून घे.

सासूबाईंना सोबत घेऊन जा तपासणीला. मी इतक्या सासवा बघितल्या, बाहेर बाकावर बसवलेली बाई विरोध करते आणि आत बोलावून डॉक्टरनी समोर बसवून सांगितलं की तीच रात्रभर पाठ चोळत बसते.

सोलापूरची_लेक

सिस्टर, तुमचं ऐकलं. सासूबाईंना काल डिस्चार्ज कार्ड दाखवून बसवून सांगितलं, भूलतज्ज्ञाचं विशेष करून. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या त्यांच्या धाकट्या बहिणीला रात्री बाळंतपणात असंच बार्शीहून हलवावं लागलं होतं आणि गाडी मिळेपर्यंत चार तास गेलेले. हे मला आठ वर्षांत पहिल्यांदा कळलं. आता त्याच म्हणतायत पद्धत राहू दे, सोलापूरलाच जा, आणि मुलीला सांभाळायला त्या महिनाभर माझ्या माहेरी येऊन राहणार आहेत. आईला फोनही त्यांनीच केला.

सोलापुरात एका डॉक्टरांची गुरुवारची वेळ मिळाली आहे. फोनवरच विचारून घेतलं, भूलतज्ज्ञ रात्रीसुद्धा आत असतात, रक्तपेढी त्याच आवारात आहे आणि सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न त्या करतात, पण आधी कार्ड बघणार म्हणाल्या. बार्शीच्या मॅडमना पण जाऊन सांगून आले, त्यांनी आतापर्यंतच्या सगळ्या रिपोर्टच्या झेरॉक्स काढून दिल्या. ४१ पर्यंत थांबायचं आणि नाहीच आल्या कळा तर सिझर, हे गुरुवारी फाईलवर लिहून घेईन. मृदगंधताई, तुझं वाचून ठरवलंय की मनात दोन्ही धरून जायचं.